पोटावरून वाहिलेली गोदावरी

हसायचं नाही, हे आधी कबूल करा, मगच सांगते. आणि चहाचा कप खाली ठेवा, कारण मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना माझ्या नणंदेच्या नाकातून चहा आला होता. स्वतःची शोभा सगळेच करून घेतात हो. पण मी केली ती स्टेजवर, लायटिंग लावून, आख्ख्या जिंतुरासमोर!

तर मी लग्नाआधीपासून नाच शिकते. गावातल्या एका खत-बियाण्याच्या दुकानावर हॉल आहे, तिथं आमच्या मॅडम क्लास घेतात. त्या क्लासची हिरोईन मी. हे मीच म्हणते असं नाही, पण मीच जास्त म्हणते. सातवा महिना लागेपर्यंत पायात चाळ बांधत होते. मग लेक झाली, आणि माझं जग म्हणजे दुपटी, ओव्याची धुरी आणि डिंकाचे लाडू एवढंच उरलं.

लेक गोड आहे, दृष्ट लागावी अशी आहे, सगळं खरं. पण मला दिवसातला एक तास असा हवा होता की ज्यात मला कुणी 'बाळाची आई' म्हणणार नाही. नाच तेवढा माझा स्वतःचा होता. तोही सुटला तर माझं म्हणून काय राहील, अशी मला खरंच भीती वाटायला लागली होती.

म्हणून सासूबाईंना विचारलं. मी त्यांना आत्याबाई म्हणते.

"आत्याबाई, क्लासला जाऊ का परत?"

"आत्ताच? आगं, अंग कच्चं हाय आजून!"

"डॉक्टर हो म्हणाल्या."

"डाक्टरीन काय म्हनंल! कंबर तुझी हाय का तिची? बरं, जा. लेकराला मी बघते. पर पोट बांधून जा माय."

हे पोट बांधणं म्हणजे काय, ते बायांना सांगायला नको, पण बाप्यांसाठी सांगते. बाळंतपणानंतर पोट सुटू नये म्हणून सुती कापडाचा पट्टा कमरेभोवती गच्च गुंडाळतात. आत्याबाई बोरी गावच्या, जुन्या वळणाच्या. त्यांनी आपलं जुनं निळं लुगडं उभं फाडून नऊ वार लांब पट्टा केला होता. धुऊन धुऊन त्याचा रंग पाण्यासारखा झालेला. सव्वा महिना मी मुकाट्यानं बांधून घेतला. मग माझ्यातली शिकलेली बाई जागी झाली आणि मी त्यांना म्हणाले, "पोट व्यायामानं जातं आत्याबाई, चिंध्यांनी नाही." त्या काही बोलल्या नाहीत, पट्ट्याची घडी घालून कपाटात ठेवली. सासू गप्प बसली की सुनेनं सावध व्हावं. मी झाले नाही.

क्लासला गेले. जिना चढेपर्यंत असा दम लागला की वर गेल्यावर नमस्कार जमिनीला केला का भिंतीला टेकले, मलाच कळेना. बाकावर पोरींच्या आया बसलेल्या. एकीनं सरकून जागा दिली.

"बसा की. तुमची मुलगी कोनती वो यातली?"

"मी स्वतःच शिकते."

"अगं बाई! या वयात?"

एकोणतीस वर्षांची आहे हो मी! पण तोवर एका चिमुरडीनं "मावशी, तुमी माझ्यामागं उभ्या रहा, मला दिसत न्हाई" म्हणून हात धरून मला शेवटच्या रांगेत नेऊन लावलं होतं.

वार्षिक कार्यक्रम जवळ आला होता. मॅडमनी नाच बसवला होता गोदावरीवर. ती उगमातून निघते, खळाळते, मैदानात येते, गंगाखेडला घाटाला लागते. मॅडम म्हणाल्या, "गोदावरी तू हो. आपल्याकडं ती संथच वाहते, तुला झेपेल."

अपमान होता, पण मुख्य भूमिका होती. मी गिळला.

"ड्रेस शिवायचाय. नवीन माप पाठव," मॅडम म्हणाल्या.

आता तिथं गप माप द्यायचं की नाही? पण बाकावरच्या आया ऐकत होत्या. मी म्हटलं, "जुनंच ठेवा मॅडम. माझं काही बदललेलं नाही."

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी शिवलेली निळी नऊवारी आली. कमरेपर्यंत आली आणि थांबली. पुढं ब्लाउज. हूक एका काठावर, फासा दुसऱ्या काठावर, आणि मध्ये मी. नवऱ्याला म्हटलं, ओढा. त्यानं ओढून बघितलं आणि म्हणाला, "दुसरं काही घालता येत नाही का नदीला?" त्याला खोलीबाहेर काढलं आणि शेवटी गेले कपाटासमोर.

"आत्याबाई, तो पट्टा..."

"कोन्ता पट्टा?" सगळं कळून विचारत होत्या!

"पोटाचा. जरा गच्च बांधा."

"चिंध्या व्हय? थांब, आनते."

त्यांनी भिंतीला पाय लावून असं आवळलं की माझा श्वास गळ्यातच राहायला लागला. पण नऊवारी बसली! मी म्हटलं, टोकाला पिन लावा. तर म्हणाल्या, "अंगावर पिनार लेकरू असताना पिन? टोचलं म्हंजे? खोचते नीट, न्हाई सुटत."

मंगल कार्यालय गच्च भरलेलं. पहिल्या रांगेत आत्याबाई, मांडीवर लेक. गाणं सुरू झालं. उगम छान झाला. मासे झालेल्या चिमुरड्या माझ्याभोवती फिरायला लागल्या. लोक टाळ्या वाजवत होते आणि मला वाटलं, झालं! मी परत आले! त्या आनंदात, जी गिरकी बसवलेली नव्हती, ती मी घेतली. एक नाही, लागोपाठ.

आणि कमरेत काहीतरी सैल झालं.

मागून ब्लाउजच्या खालून पट्ट्याचं टोक बाहेर आलं. मला वाटलं, हळूच पायानं मागं सारू. तर एका माशानं ते उचललं! त्या पोरीला वाटलं, मॅडमनी आयत्या वेळी काहीतरी नवीन घातलंय. ती टोक धरून पळाली. तिच्यामागं दुसरी, तिसरी. मी थांबले तर ओढाताण, म्हणून मी फिरत राहिले, आणि मी जितकी फिरले तितकं लुगडं सुटत गेलं. निळं, मऊ, लांबच लांब. कडाकडा टाळ्या! मासे स्टेजच्या पायऱ्या उतरून प्रेक्षकांत शिरले आणि पहिल्या रांगेसमोर माझ्या पोटावरचा पट्टा पसरून बसले.

तेवढ्यात इकडं नऊवारीचा कमरेचा हूक तट्‌कन गेला. मी एक हात कमरेवर दाबून धरला, तो शेवटपर्यंत काढला नाही. लोकांना वाटलं, नदीचा तोरा!

आत्याबाईंनी कापड ओळखलं. त्या लेकीला घेऊन ताडकन उठल्या.

"आगं माय! माझं लुगडं!"

शेजारच्या म्हातारीनं त्यांना हाताला धरून खाली बसवलं. "लुगडं न्हाई वो बाई, गंगा हाय गंगा! हात जोडा!"

आणि त्या म्हातारीनं कनवटीचा रुपया काढून लुगड्यावर टाकला! आपल्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि गंगेत एकीनं रुपया टाकला की बाकीच्या गप्प बसतात होय? हळदी-कुंकवाच्या पुड्या निघाल्या. कुणी वेणीतली फुलं वाहिली. पाहुण्यांच्या स्वागताला आणलेला नारळ कुणीतरी वाहून मोकळं झालं. एक जण म्हणाली, "थोडी चिंधी द्या की वो, लेकराच्या पाळण्याला बांधते." मी वर स्टेजवर, एक हात कमरेवर, डोळ्यांत पाणी. भक्तीचं नाही, लाजेचं. आणि आत्याबाई? इकडं तिकडं बघून, नाइलाजानं, त्यांनी स्वतःच्याच जुन्या लुगड्याला हात जोडले.

इथं तरी मी शहाणपणानं गप्प बसायला हवं होतं. पण पाहुणे होते एक रिटायर हेडमास्तर. त्यांनी माईकवर विचारलं, "ही नदी वाहवण्याची अप्रतिम कल्पना कोणाची?"

पडदा पडला असता तर बरं झालं असतं. तो आमच्याकडं नव्हता.

"माझीच," मी म्हटलं.

घरी आल्या आल्या आत्याबाई लुगडं पसरून बसल्या. लुगड्यावरचं कुंकू झटकताना फक्त म्हणाल्या, "कल्पना तुझी व्हय? बरं, बरं."

दोन दिवसांनी मॅडमचा फोन. परभणीहून बोलावणं आलं होतं, हाच नाच पाहिजे, कापडासकट! माझे पाय जमिनीवर राहिनात. परभणीचं स्टेज! मॅडम म्हणाल्या, "अगं, पण ते कापड इतकं सुंदर सुटलं कसं? किती दिवस सराव केलास?"

आता सराव केला म्हणावं तर उद्या करून दाखव म्हणतील. मी हात झटकले. "सराव कसला मॅडम? अगदी सोपं आहे. बांधायचं आणि फिरायचं. कुणालाही जमेल!"

मॅडम शिस्तीच्या बाई. त्यांनी ते करून बघितलं. पुढच्या वेळी आत्याबाई देवळात जाते म्हणून आधीच बाहेर पडल्या, मी लेकीला नवऱ्याकडं देऊन क्लासला गेले, तर बारावीतली साक्षी मधोमध उभी. सडसडीत पोरगी, भिंगरीसारखी फिरली आणि लुगडं असं झरझर सुटलं की मीसुद्धा हात जोडले असते.

"तुझं बरोबर होतं," मॅडम कौतुकानं म्हणाल्या. "खरंच कुणालाही जमतंय. मग तू कशाला तान्ह्या बाळाला घेऊन प्रवासाची दगदग करतेस?"

"पण मॅडम, हे बांधलं कुणी?" माझा शेवटचा आधार तो होता.

हॉलच्या कोपऱ्यातून आत्याबाई उठल्या. मेकअपवालीसारख्या तोंडात पिना नव्हत्या, पण पदर खोचलेला. "मॅडम लय मागं लागल्या, मंग काय करावं?"

परभणीला गाडी गेली. त्यात साक्षी गेली, मासे गेले, लुगडं गेलं आणि पुढच्या सीटवर आत्याबाई गेल्या. मी घरी. संध्याकाळी लेकीनं जो सूर धरला, तो काही केल्या थांबेना. तिला आजी हवी होती. नवरा खुळखुळा वाजवून दमला. मी फोन लावला, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला. मागं तबला, घुंगरं, गडबड.

"आत्याबाई, ही गप्पच बसेना हो! काय करू?"

"पोट दुखत असंल, हिंग लाव बेंबीला. आन हे बघ, घरून सारका सारका फोन करू नकू. आमा कलाकार लोकायचं ध्यान मोडतंय!"