आबांची उणे पावले

श्रीगजाननाला आणि वाग्देवी शारदेला वंदन करून हे चार शब्द लिहावयास बसलो आहे. आमच्या शाळेतील गणिताच्या शिक्षकांना जाऊन या श्रावणात एक वर्ष पूर्ण होत आहे. लहानथोर सारे त्यांना आबा म्हणत. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मला सांगितले, "नाना, तुम्ही आबांविषयी लिहा, पण खरे लिहा." खरे लिहायचे तर त्यात माझी एक चूकही येणार. ती येऊ द्यावी, असे देवापुढे बसून ठरवले आहे.

आबांना कोणी काहीही विचारले, तरी ते प्रथम उजव्या हाताची तर्जनी जमिनीकडे रोखीत आणि म्हणत, "आधी उभे कुठे आहात ते सांगा." प्रश्न गणिताचाच असला पाहिजे, असे नव्हते. एकदा जळगावच्या बसस्थानकावर एका वाटसरूने त्यांना मेहरूणचा रस्ता विचारला. आबांनी खाली बोट दाखवून आपले वाक्य उच्चारले. तो बिचारा आपल्या पायांखाली काही पडले आहे काय, हे वाकून पाहू लागला.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांनी सातवीच्या वर्गात पूर्णांक संख्या शिकल्या असतील आणि उणे चिन्हाने अनेकांना छळलेही असेल. आबांच्या वर्गात ते चिन्ह फळ्यावर फारसे नसे, ते व्हरांड्यात असे. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात शहाबादी फरशी होती. सातवीच्या दारासमोरची फरशी म्हणजे शून्य. तेथून फाटकाकडे एक, दोन, तीन अशा अधिक संख्या आणि पाण्याच्या टाकीकडे उणे एक, उणे दोन, उणे तीन. दर जूनमध्ये आबा गुडघ्यांवर बसून स्वहस्ते प्रत्येक फरशीवर गेरूने अंक लिहीत. त्यामुळे तहानलेली मुलेसुद्धा "सर, उण्यात जाऊन येऊ का?" असे विचारीत आणि आबा गंभीरपणे परवानगी देत.

चालण्याचे नियम दोनच होते. बेरीज असेल तर तोंड फाटकाकडे, वजाबाकी असेल तर तोंड टाकीकडे. मग संख्या अधिक असेल तर पुढे चाला, उणे असेल तर पाठीमागे. "तोंडाचा हुकूम वेगळा, पायांचा हुकूम वेगळा," असे ते बजावीत. उणे तीनमधून उणे पाच वजा करावयाचे झाल्यास मूल उणे तीनवर उभे राही, टाकीकडे तोंड करी, पाच पावले मागे टाकी आणि अधिक दोनवर येऊन थांबे. त्याच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटे, ते मी शेजारच्या आठवीच्या वर्गातून, संस्कृतची शब्दरूपे म्हणवून घेता घेता, पुष्कळदा पाहिले आहे.

एका विद्यार्थिनीची आई एके दिवशी तक्रार घेऊन आली. ती म्हणाली, "सर, पोर घरमा उलटी चालस. पाणीना हंडा सांडी गया."

आबांनी विचारले, "अक्का, चालायला लागली तेव्हा ती उभी कुठे होती?"

"चूल्हाजोडे."

"मग चूल म्हणजे शून्य. हंडा किती पावलांवर होता?"

ती माउली पदराने तोंड झाकून हसू लागली आणि तक्रार तशीच राहिली. जाताना मात्र म्हणाली, "सर, मुलीले शिकाडा, पण हंडा आठे आणी ठेवसू." म्हणजे हंडा आता इथे शाळेतच आणून ठेवते!

माझा आणि आबांचा वाद जुना होता. मी पाठशाळेत वाढलेला. जे कंठात नाही ते आपले नाही, अशी माझी धारणा. आबांना पाठांतराचे वावडे. मी म्हणे, "आबा, तुमची मुले परीक्षेला फरशी घेऊन जाणार काय?" ते म्हणत, "पंडितजी, तुमची मुले 'देवाला' म्हणायला सगळ्या विभक्ती पहिलीपासून म्हणत येतात. ती तरी कुठे लवकर पोहोचतात?" हा वाद मधल्या सुट्टीत भाकरीबरोबर होई आणि ताकाबरोबर संपे.

आबांनी नववी-दहावीचे वर्ग कधी मागितले नाहीत. पर्यवेक्षकपदही नाकारले. "सातवीत उणे चिन्ह समजलं की पुढचं गणित मूल स्वतः चालतं," एवढेच ते म्हणत. सातवीचा तो एक वर्ग म्हणजे त्यांचे देवघर होते. निवृत्तीला दीड वर्ष उरले असताना तेच देवघर त्यांच्या हातून जाण्याची वेळ आली. सहामाहीत सातवीचे गुण कमी आले, कारण मुले बोटांनी बाकावर चालत बसली आणि वेळ संपली. मुख्याध्यापिका बाईंनी स्पष्ट सांगितले, "आबा, पुढच्या आठवड्यात विस्तार अधिकारी येणार आहेत. मुलांनी पटापट उत्तरं दिली नाहीत, तर सातवीचं गणित नव्या सरांकडे देईन. माझा नाइलाज आहे."

 त्या दिवशी आबांनी ताक घेतले नाही.

मित्राचे असे खिन्न होणे मला सोसवेना. त्या उद्वेगात मला जे सुचले ते मी केले. आबा दोन दिवस प्रशिक्षणासाठी धुळ्याला गेले होते आणि त्यांचे तास माझ्याकडे आले होते. मी सातवीच्या मुलांसाठी एक अनुष्टुभ रचला.

उणे उणे मिळे तेथे, अधिक जाणिजे सदा।
चिन्हे भिन्न जरी आली, उणे उत्तर सांगिजे॥

दोन दिवसांत मुलांनी तो असा मुखोद्गत केला की शिपायालाही पाठ झाला. मला मोठे समाधान वाटले. मुलांना मी सांगून ठेवले, "आबांना आत्ताच काही सांगू नका. साहेबांसमोर त्यांना आनंद होऊ दे." माझ्यासारखा पोक्त मनुष्य असे बोलला, हे आज लिहितानाही मान खाली जाते.

अधिकारी आले. मी आठवीला लेखन देऊन दाराशी उभा राहिलो. साहेबांनी फळ्यावर लिहिले: उणे तीन अधिक उणे पाच. आबा नेहमीप्रमाणे बोट जमिनीकडे नेणार, तोच सारा वर्ग एका सुरात माझा श्लोक म्हणू लागला आणि शेवटी गर्जून म्हणाला, "अधिक आठ."

साहेबांनी खडू खाली ठेवला. "सर, हे काय शिकवलंत?"

खिडकीशेजारी एक मुलगी बसली होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून शिकण्यासाठी ती मेहरूणला मामाकडे राहायला आली होती. श्लोक चालू असताना ती दोन बोटांनी बाकावर सावकाश मागे मागे जात होती. ती उभी राहून म्हणाली, "सर, उणे आठ शे. बठ्ठा चुकनात."

ते बरोबर होते, बाकी सारे चुकले होते. परंतु पस्तीस कंठांपुढे एका कंठाचे काय चालणार? साहेबांचे लेखन तोवर सुरू झाले होते.

आबांनी मुलांकडे पाहिले, मग दाराकडे, माझ्याकडे पाहिले. आमच्या शाळेत अनुष्टुभ रचणारा मनुष्य एकच होता, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी फक्त माझे नाव सांगायचे होते. ते म्हणाले, "चूक झाली, साहेब. माझ्या वर्गात झाली, म्हणजे माझीच."

बाईंनी त्याच सायंकाळी वेळापत्रक बदलले. शिक्षकांच्या खोलीत आबा माझ्या शेजारी येऊन बसले.  म्हणाले, "वृत्त निर्दोष आहे, पंडितजी. गुणाकाराचा नियमही बरोबर आहे. पण साहेबांनी बेरीज विचारली. तुमचं ते 'सदा' कशासाठी होतं?"

"दोन अक्षरे कमी पडत होती," मी म्हणालो.

ते हसले. रागावले असते तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी संध्या अर्धवट टाकून उठलो. शाळा भरण्यापूर्वीच बाईंच्या खोलीत गेलो आणि सारे सांगितले. 

"नाना, तुम्ही?"

"मीच, बाई. वर्ग आबांना परत द्या. शिक्षा मला द्या."

"तुम्हाला काय शिक्षा देऊ मी? तुम्ही मला शिकवलंय." त्यांनी आबांना बोलावून घेतले. "आबा, तुम्ही कालच का नाही सांगितलंत?"

"सांगून काय झालं असतं? मुलं माझी होती. दोन दिवसांच्या श्लोकानं ती फरशी विसरली, याचा अर्थ माझंच शिकवणं कच्चं." मग माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "वर्ग द्यायचा असेल तर एक विद्यार्थी जास्त द्या. नानांना आठवडाभर सातवीत बसवा."

बाईंनी हसू लपवण्यासाठी वेळापत्रकाचा कागद तोंडापुढे धरला आणि त्याच कागदावर खाडाखोड केली.

अशा रीतीने वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी सातवीत शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. मुलांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. तिसऱ्या दिवशी आबांनी मला व्हरांड्यात उभे केले. "पंडितजी, उणे तीन गुणिले उणे दोन. शून्यावर उभे राहा. पहिली संख्या उणे आहे, म्हणून तोंड टाकीकडे. तीन वेळा चालायचं. दुसरी संख्या उणे दोन, म्हणून दर वेळी दोन पावलं मागे."

मी चाललो. मागे चालताना धोतराचा सोगा पायात आला आणि मी डगमगलो.

"नाना, सोगा धरा," त्या खिडकीपाशी बसणाऱ्या मुलीने सांगितले.

"बोलू नका, ते अजून उणे विचारात आहेत," आबा म्हणाले.

दोन, चार, सहा. मी थांबलो आणि खाली पाहिले. मी अधिक सहावर होतो. गेली चाळीस वर्षे उणे उणे अधिक, हे मला ठाऊक होते. ते का, हे त्या क्षणी पायांना कळले. तोंड उलटे आणि चालही उलटी, म्हणून मनुष्य फाटकाकडेच येतो.  मी टाकीकडे तोंड करून तसाच उभा राहिलो, कारण डोळे पुसणे मुलांना दिसू नये, असे वाटत होते.

त्यानंतर आबांनी मला सगळ्या वर्गापुढे श्लोक दुरुस्त करायला लावला. 'गुणाकारी उणे दोन्ही, अधिक जाणिजे तदा' अशी पहिली ओळ केली, तेव्हा त्यांनी मान डोलावली. "आता म्हणा. पण आधी चालल्याशिवाय कोणी म्हणायचा नाही." वार्षिक परीक्षेत सातवीचे गुण वाढले, असे सांगितल्यास कथा गोड होईल. गुण थोडेच वाढले. परंतु वर्ग आबांकडेच राहिला आणि निवृत्तीच्या दिवसापर्यंत त्यांनी तो घेतला.

निवृत्तीनंतर ते लेकीकडे चाळीसगावला राहावयास गेले. निरोप देताना मी त्यांना एक शंका विचारली. "आबा, बेरीज, वजाबाकी, गुणाकार चालून झाले. भागाकार कसा चालायचा? उणे सहाला उणे दोनने भागायचे, तर तोंड कुठे करू?"

ते गाडीच्या पायरीवर उभे होते. "ते मी सांगणार नाही. सापडलं की कळवा."

कित्येक वर्षे ते मला सापडले नाही, आणि खरे सांगायचे तर मी नेटाने शोधलेही नाही. मग मीही निवृत्त झालो. सकाळी मेहरूण तलावाच्या काठाने फिरताना ती शंका पुन्हा डोके वर काढू लागली. कोणी नाही असे पाहून मी चार पावले मागे टाकी. एकदा गवत घेऊन जाणाऱ्या एका बाईने पाहिले आणि ती म्हणाली, "नाना, पडशात ना. पुढे देखा."

गेल्या श्रावणात एका सकाळी ते सापडले. घरी येऊन लगेच आबांना दूरध्वनी लावला. त्यांच्या कन्येने घेतला. तिचा आवाज थकलेला होता.

"काका, आबांची तब्येत बरी नाही. आठ दिवस झाले, बोलता येत नाही. पण ऐकू येतं त्यांना. फोन कानाशी धरू का?"

मला आशीर्वादाचे, धीराचे पुष्कळ श्लोक येतात. त्यांतील एकही आठवला नाही. मी म्हणालो, "आबा, भागाकार सापडला. तोंड कुठे करायचे, हा प्रश्नच नाही. शून्यावरून निघून उणे सहावर पोहोचायचे आहे. एका वेळी दोन पावले मागे टाकायची, म्हणजे तोंड आपोआप फाटकाकडेच येते. तर तेथे पोहोचायला किती वेळा चालावे लागेल, एवढेच मोजायचे."

उत्तर मी अजून सांगितले नव्हते.  तोच कन्येचा आवाज आला.

"काका, आबांनी तीन बोटं वर केली आहेत. काय पाहिजे असेल त्यांना?"

"काही नको, ताई," मी म्हणालो. "उत्तर तीन, माझी चाल बरोबर आहे, असे सांगताहेत."

चार दिवसांनी आबा गेले.

वाचकहो, हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरी विद्येचा दिवा तेवत राहो. आपल्या लेकरांना चुकण्याची मोकळीक मिळो आणि ती चूक आपली म्हणून पदरात घेणारा गुरूही मिळो. आपल्या अंगणात आरोग्य नांदो, वडीलधाऱ्यांना शांत निद्रा लाभो आणि श्रीगजानन आपल्या सर्व कुटुंबाचे कल्याण करो.