भुलाबाईची खिरापत आणि नवा भाडेकरू

मंडळी, हे पत्र वाचून लगेच पुढच्या घरी धाडा, नेहमीसारखे उशाखाली ठेवू नका.

आमच्या अकोल्याच्या घराचा जीर्णोद्धार आज संपला. माझी बायको वारल्यापासून मी अमरावतीला भावाकडे असतो, घर बंदच होते. आता छपरावरचे कवेलू बदलले, भिंतींना चुना दिला. उद्या जबलपूरहून बदलून आलेले एक कारकून भाड्याने राहायला येतील.

संध्याकाळी कुलूप लावणार, तोच गल्लीतल्या पोरी मातीची भुलाबाई घेऊन ओसरीवर आल्या. दार उघडे दिसले, एवढे त्यांना पुरले. गाणी झाली. मग रीतीप्रमाणे घरात झाकून ठेवलेली खिरापत ओळखायला त्या बसल्या.

"करंजी!"

"नाही."

"शंकरपाळे!"

"नाही."

घरात चुन्याच्या बादलीशिवाय काही नव्हते, त्यामुळे माझे प्रत्येक उत्तर न्यायशास्त्राला धरूनच होते.

सगळ्यांत धाकटी म्हणाली, "मले ठाऊक हाय. काकूच्या तिळाच्या वड्या!"

थोरलीने तिला चिमटा काढला. "चूप बैस. काकू आता नाहीत ना."

"मंग वड्या कोन करते?"

थोरलीने शेजारच्या घरी मिळालेली खिरापत माझ्या हातावर ठेवली आणि हळूच विचारले, "काका, पुढच्या साली आमी इथं येऊ नाई का?"

"या," मी म्हणालो. जबलपूरकरांना न विचारताच म्हणालो.

त्यांच्या मुलखात भुलाबाई नसावी. तेव्हा भाडेचिठ्ठीत अट घालू का, की या दिवसांत संध्याकाळी दार उघडे असावे आणि आत काहीतरी झाकून ठेवलेले असावे? हसा खुशाल, पण सल्ला द्या.

वड्याच हव्यात असे नाही.