चिंतामणीला विचारलेली नोकरी

मला आयुष्यात एका दगडानं नापास केलेलं आहे. परीक्षेत नापास झालेले तुम्हाला गल्लोगल्ली भेटतील, पण दगडानं तोंडावर नाही म्हटलेला माणूस तुमच्या पाहण्यात बहुधा मी एकटाच असेन. तेव्हा जरा सावरून बसा.

तुळजापूरला देवीच्या देवळाच्या आवारात चिंतामणी नावाचा एक गोल दगड आहे. त्याच्यावर दोन्ही तळहात टेकवायचे आणि मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडं वळला तर होय. डावीकडं वळला तर नाही. लोक त्याला लग्नाचं विचारतात, कोर्टाचं विचारतात, हरवलेल्या म्हशीचं विचारतात. आमच्या मोटार कंपनीचे मालक त्याला नोकरभरतीचं विचारत.

'आमची' म्हणालो खरा, पण ती आमची कशी झाली तेच सांगायचंय.

लढाईचे दिवस होते. कंपनी म्हणजे तीन मोटारी. त्यातल्या दोन चालत आणि तिसरीचे अवयव त्या दोघींना लागत. पेट्रोल मिळत नसल्यामुळं मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मागं पाण्याच्या बंबासारखा एक लोखंडी बंब लावलेला असे. त्यात कोळसा पेटवायचा, हातानं पंखा फिरवायचा आणि अर्ध्या तासानं मोटारीला दया आली तर ती सुरू व्हायची. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि त्या धूर ओकणाऱ्या बंबावर माझा जीव जडला होता.

घरी अणदूरला वडिलांनी माझ्यासाठी वेगळाच बेत ठरवला होता. मुरूमला माझ्या मामाचा तेलाचा घाणा होता. मामाला बैलामागं फिरायला घरचं माणूस हवं होतं. लहानपणी एका उन्हाळ्यात मी ते काम करून पाहिलं होतं. बैलाच्या डोळ्यांना निदान झापडं असतात. मला उघड्या डोळ्यांनी फिरावं लागलं होतं. दिवसभर चालायचं आणि संध्याकाळी पाहावं तर आपण सकाळच्याच जागी.

म्हणून श्रावणात मी मोटार कंपनीत कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. निजामाचं राज्य, त्यामुळं अर्ज उर्दूत. कचेरीबाहेरच्या अर्जनविसानं तो असा लिहून दिला की वाचणाऱ्याला वाटावं, हा इसम मोटार कंपनीची नाही, एखाद्या सुभ्याची जबाबदारी घ्यायला निघालाय.

मालक म्हणजे कपाळाला भस्म, अंगात पांढरा सदरा, घरात कानडी आणि धंद्यात मराठी. त्यांनी अर्ज उलटासुलटा करून पाहिला.

"चांगला हाय," ते म्हणाले. "पन मी मानूस ठेवत न्हाय. आई ठेवती. चल."

आम्ही देवळाकडं निघालो. वाट काही लांब नव्हती, पण तेवढ्यात मी माझ्या हुशारीचे सगळे दिवे लावले. मोटारीचा भोंगा गाभण म्हशीसारखा वाजतो, तो बदला, असं सुचवलं. कंपनीच्या पाटीवरचा रंग बघून तेराव्याची आठवण येते, हेही सांगितलं. मालक फक्त "हं, हं" करत होते. मला वाटलं, माणूस खूश झाला.

चिंतामणीपाशी त्यांनी तळहात टेकवले, डोळे मिटले. दगड डावीकडं असा सरसर वळला की जणू माझ्याकडं पाठच फिरवली.

"आई न्हाय म्हनाली, बाबा," मालक उठत म्हणाले. आवाजात दुःख असं काही फारसं नव्हतं.

घरी वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. आई भाकऱ्या थापता थापता ऐकत होती.

"देवीनंच निकाल दिला म्हंजे झालं," वडील म्हणाले. "कोजागिरीच्या पुनवंला आमी दोघं तुळजापूरला येनार हाव. तितनं तुला घिऊन मुरूमला जाऊ. मामाला कळवतो."

नवरात्रात सेवा करायची आहे, असं सांगून मी तुळजापूरला आमच्या घराण्याच्या पुजाऱ्यांकडं राहायला गेलो. सेवा म्हणाल तर खरीच होती. फक्त देवळात कमी आणि मोटारीच्या अड्ड्यावर जास्त.

तिथं मोठ्या मोटारीचे ड्रायव्हर होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. मिशीला मेंदी, खांद्यावर फडकं. बंबाचा पंखा फिरवत असताना त्यांनी मला एकदा विचारलं, "कायकू मूं लटकाके बैठा रे?"

मी दगडाची हकीकत सांगितली. उस्ताद पोट धरून हसले.

"अरे बावा, मेरेकू भी ना बोल्या था वो पत्थर! मैं क्लीनर की नौकरी मांगने आया था."

"मग?"

"मग क्या? दुसरे हफ्ते ड्रायव्हर की मांगा. मालक का कायदा है, एक सवाल दो बार नक्को पूछने का. दूसरा सवाल कितने बार भी पूछो."

माझ्या डोक्यात उजेड पडला. कारकुनाची जागा मला कायमची बंद होती. पण कारकून सोडून दुसरं काहीही मागता येत होतं! फक्त कंपनीत दुसरी जागाच नव्हती. म्हणजे आधी जागा तयार करायची आणि मग तिच्यासाठी अर्ज करायचा.

मी अड्ड्यावर डोळे उघडे ठेवून बसलो. तेव्हा दिसलं की कंपनीची खरी अडचण कोळसा नव्हे, उतारू आहेत. मोटार तापायला अर्धा तास. तेवढ्या वेळात माणसं सामान ठेवून पांगायची. कुणी बांगड्या भरायला, कुणी देवीची परडी विकत घ्यायला, कुणी पुन्हा एकदा दर्शनाला. मोटार सुरू झाली की निम्मी गायब. त्यांची वाट पाहावी तर बंब विझायचा. बंब विझला की परत अर्धा तास, आणि तेवढ्यात उरलेले निम्मे पांगायचे.

माणसं गोळा करणारा माणूस हवा होता. आणि आवाज म्हणाल तर गावच्या नाटकात मी राक्षस झालो की पुढच्या रांगेतली पोरं शेवटच्या रांगेत जायची.

अर्जनविसाला मी काम समजावलं. त्यानं दाढी कुरवाळली आणि त्या जागेला नाव दिलं 'मुहाफिज-ए-मुसाफिरान', म्हणजे उतारूंचा रखवालदार. ते नाव ऐकून मी स्वतःलाच मुजरा करणार होतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मालकांच्या हातात अर्ज दिला. त्यांनी तो वाचला, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा वाचला.

"यप्पा! हे काय असतंय? खायाचं का प्यायाचं?"

मी सांगितलं.

"असली जागा आपल्यात न्हाय."

"नाही म्हणूनच रिकामी आहे, मालक."

त्यांनी मिशीतल्या मिशीत काहीतरी दाबलं. मग अर्ज परत दिला. "आता इचारता याचं न्हाय. आई झोपलीया."

खरंच होतं ते. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की देवी पलंगावर निजते ती थेट कोजागिरीच्या पुनवेला उठते. नऊ दिवस लढून दमलेली असते. इतर लोक दगडाला विचारत की नाही मला ठाऊक नाही, पण मालकांचा आपला नियम होता, आईला झोपेत नोकरीचं विचारायचं नाही.

म्हणजे पुनवेलाच कौल आणि पुनवेलाच वडील! देवी इकडून उठणार आणि मामाचा बैल तिकडून.

मधल्या चार दिवसांत हात बांधून बसवेना, म्हणून कुणी न सांगताच मी कामाला लागलो. मोटार तापली की टपावर चढायचं आणि आरोळी ठोकायची. पहिल्या दिवशी थोडे आले. दुसऱ्या दिवशी मात्र एक बाई दोन गाठोडी घेऊन बसलेली आणि तिच्या नवऱ्याचा पत्ता नाही. बंब धडधडतोय, उस्ताद वैतागलेत.

"नाम क्या है तुमारे मरद का?"

बाईनं पदरात तोंड लपवलं. "अगं बाई! तेंचं नाव कसं घ्यावं?"

तेव्हाच्या बाया नवऱ्याचं नाव चारचौघांत नुसतं उच्चारत नसत. जीव गेला तरी नाही. बाजार माणसांनी भरलेला, त्यात 'अहो' म्हणून हाक मारली तर निम्मा बाजार वळून बघणार. तेवढ्यात मला सुचलं.

"मावशी, नुसतं घेऊ नका. उखाण्यात घ्या की!"

मोटारीतल्या सगळ्या बाया एकदम जाग्या झाल्या. "घे गं, घे गं!" बाईनं इकडं तिकडं पाहिलं, पदर सावरला आणि लग्नात घेतात तसा देवीच्या पायऱ्यांपासून सुरू होणारा चांगला लांबलचक उखाणा म्हटला. शेवटी लाजत नाव.

मी टपावर उभा राहिलो, एक हात कानावर ठेवला, दुसरा आभाळाकडं केला आणि तो उखाणा पहिल्या पायरीपासून शेवटच्या नावापर्यंत अख्ख्या बाजाराला ऐकवला. नाव तर तीनदा, तीन निरनिराळ्या सुरांत.

न्हाव्याच्या पालातून एक गृहस्थ बाण सुटावा तसे सुटले. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर साबण. मागून वस्तरा घेऊन न्हावी. "आरं बास कर! आलो न्हवं!" गृहस्थ मोटारीत शिरले ते थेट बायकोच्या गाठोड्यामागं. तिसऱ्या दिवसापासून मला फक्त ओरडावं लागे, "येताय का उखाणा घेऊ?" पुरुष माणसं हातातला पेढा टाकून धावत यायची.

मालक कंपनीच्या पायरीवरून हे पाहत होते.

पुनव उजाडली. तुळजापूर माणसांनी दाटलं. सकाळीच आई-वडील आले. वडिलांच्या हातात नवीकोरी घुंगुरमाळ होती.

"मामाच्या बैलाला," ते म्हणाले. "मोकळ्या हातानं कसं जावं? दुपारच्या मोटारीनं निघू."

"दादा, मालक देवळातनं येईपर्यंत थांबा. तेवढंच."

"एकदा न्हाय म्हनलं तरी जीव भरंना व्हय तुजा?"

तेवढ्यात मालकांचं बोलावणं आलं. निघताना उस्तादांनी मला दंडाला धरून बाजूला घेतलं. "मंदिर तक मूं बंद. समझा? पिछली बार तेरेकू पत्थर के पास जाने के पहले ही ना हो गया था."

मी ओठ आवळले. मालकांच्या मागून मुका होऊन चाललो. गर्दीत एका माणसाच्या फेट्यावर माकडानं ठाण मांडलं होतं, तरी बोललो नाही. नवा रंग दिलेली कंपनीची पाटी पहिल्यापेक्षा वाईट दिसत होती, तरी बोललो नाही. घशात शब्दांची जत्रा भरली होती.

अर्ध्या वाटेत मालक थांबले. "आजारी हायस का काय?"

मी मान हलवली.

"आरं मग बोल की! आवाज गेला का तुजा?" त्यांचा चेहरा खरंच उतरला. "आवाजच गेला आसंल तर आईला काय इचारू मी?"

काय सांगू, माझ्या तोंडाचं धरणच फुटलं. माकड, फेटा, पाटी, सगळं एका दमात बाहेर पडलं. मालक "हं, हं" करत राहिले, पण या खेपेला त्यांची मिशी हलत होती.

चिंतामणीपाशी रांग होती. नंबर आला. मालकांनी तळहात टेकवले, डोळे मिटले. मी मात्र उघडे ठेवले. खोटं कशाला सांगू, या वेळी मी दगडाकडं पाहिलंच नाही. मालकांच्या मनगटांकडं पाहत होतो. दगड उजवीकडं वळला. मनगटंही वळली. आधी कोण वळलं ते मला दिसलं नाही, आणि पंचवीस वर्षांत कुणी विचारलं तर मी आईचंच नाव सांगत आलोय.

"उद्यापास्नं ये," मालक म्हणाले. मग अड्ड्याकडं कान देऊन ऐकलं. "उद्या कशाला? भोंगा वाजतोय. पळ!"

मी पळालो. मोटार तापली होती, उस्ताद घामानं निथळत होते. आत आई खिडकीशी बसलेली. शेजारची जागा रिकामी.

"आई, झालं! लागली नोकरी!"

तिनं डोळे मिटून देवळाकडं हात जोडले. "मला ठावं हुतं. माज्या भावाच्या बैलाला दुसरं कुनीतरी मिळंल."

"दादा कुठं आहेत?"

"गेले कुटंतरी. बसून बसून कटाळले."

बंब धडधडत होता. उस्ताद म्हणाले, "हौ मुहाफिज साहेब, बुलाव बाप को!"

आता आली का पंचाईत! मुलानं बापाचं नाव घेऊन भरबाजारात हाक मारायची? आमच्याकडं असल्या मुलाला घरात घेत नाहीत. 'दादा' म्हणावं तर पुनवेच्या गर्दीत हजार दादा. मी आईकडं पाहिलं. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला, बाकीच्या बायांकडं एकदा पाहिलं आणि आधीपासून तयार करून ठेवल्यासारखा उखाणा घेतला. त्यात खंडोबा होता, हळद होती, मोटारसुद्धा होती.

मी टपावर चढलो. एक हात कानावर, दुसरा आभाळाकडं. नोकरीतला माझा पहिला उखाणा, माझ्याच आईचा, माझ्याच बापाच्या नावाचा.

परडीच्या दुकानाआडून वडील येताना दिसले. फेटा सुटलेला, घुंगुरमाळ हातात छमछम वाजतेय, चेहरा कुंकवासारखा लाल.

"गाढवा! बापाचं नाव घेतोस?"

"आईनं घेतलं, दादा. मी नुसतं मोठ्यानं म्हटलं. नोकरी आहे."

ते मोटारीपाशी थबकले. माझ्याकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. आई खिडकीतून दुसरीकडंच बघत होती. मग त्यांनी हातातली घुंगुरमाळ उस्तादांपुढं धरली.

"ही घ्या. तुमच्या ह्या धूर सोडनाऱ्या बैलाला बांधा. मुरूमला आता कोन जातंय!"