मागचं जातं

माझी गाडी माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आहे, त्यामुळे मी तिच्याशी जरा मान राखूनच वागतो. गेल्या हिवाळ्यात ती मागच्या बाजूने आवाज करू लागली. म्हणजे मला तो ऐकू येऊ लागला. बायको होती तोवर मागच्या सीटवरून ती इतक्या मोठ्यानं बोलायची की इंजिनसुद्धा गप्प बसायचं, असं सांगून मी चारचौघांत हशा मिळवायचो. दीड वर्षापूर्वी ती गेली.

ती मागे बसायची याला कारण माझे वडील. पुढची सीट त्यांची. सासऱ्यांना मागं बसवून सून पुढं कशी बसणार? वडील जाऊन वीस वर्षं झाली तरी बाई मागेच. "ये की पुढं," म्हटलं तर म्हणायची, "राहू द्या, सवय झाली." दिवाळीनंतर आम्ही असेच पारनेरहून खर्ड्याला तिच्या माहेरी जायचो. एकदा तिथल्या नव्या सुनेनं मला ड्रायव्हर समजून चहा गाडीपाशीच आणून दिला. मी प्यालोही. मागून एक-दोनदा ती म्हणाली होती, "अहो, मागं कुणीतरी जातं ओढतंय." मी म्हणालो, "ओढू दे. पीठ घरी नेऊ."

तर आता आवाज. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, क्राऊन-पिनियन गेला असेल तर विषय संपला. तो भाग आता मिळतच नाही. हायवेवरचा हॉटेलवाला गाडी मागतोय, दारात शोभेला ठेवतो म्हणतो."

शोभेला! टपावर कुंड्या, चाकं सिमेंटात, आणि बॉनेटला टेकून फोटो काढणारी गिऱ्हाइकं. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे वळवणारी ती दातेरी जोडी झिजलीय की दुसरंच काही, हे आधी ठरवायला हवं होतं. मी छत्तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. म्हटलं, हे निदान आपणच करू.

मोबाईलवर व्हिडिओ बघितले. मागचं चाक जॅकवर उचलून वरखाली हलवलं, तर धप्प धप्प. एवढी ढिलाई! त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी कळलं, जॅक लावण्याआधी चाकाचे नट मीच सैल करून ठेवले होते. हलत होतं ते चाक. आतला आस, म्हणजे ॲक्सल, बिचारा जागच्या जागी होता.

मग दुसरी चाचणी. एकानं चालवायची, दुसऱ्यानं मागं बसून ऐकायचं. इथं माझं निदान अडलं. घरात दुसरं माणूसच नव्हतं. शेजारी कांदा काढणीला गेलेले. आणि मागं बसून आवाज ऐकायला चला, असं कुणाला म्हणणार? शेवटी मोबाईल रेकॉर्डिंगला लावून मागच्या सीटवर ठेवला, त्याच्यावर उशी टेकवली, आणि सुप्यापर्यंत जाऊन आलो.

ते रेकॉर्डिंग घेऊन सुप्याच्या पुढं मेकॅनिककडे गेलो. तो माझाच विद्यार्थी, आता त्याच्याही मिशा पिकल्यात. "सर, नववीत तुमी मला ध्वनीच्याच धड्यात नापास केलं हुतं," असं स्वागत करून त्यानं मोबाईल कानाला लावला. थोड्या वेळानं त्याचा चेहरा बदलला. मोबाईल त्यानं मला दिला.

त्यात मी बोलत होतो. "ऐक, येतोय का आवाज? ... खिडकी लाव, वारा लागंल ... कांदा बघ कसा आलाय त्यांचा ..." जाताना, येताना, अख्खा वेळ. मला पत्ताच नव्हता.

तो पाना पुसत बसला. मग म्हणाला, "आवाज हाय सर. पन गाडीला तुमी बोलूच दिलं न्हाई."

मला हसू आलं, कारण हा विनोद माझाच होता. फक्त तो मी दुसऱ्यावर करायचो.

"चला, मी चालवतो. तुमी मागं बसा."

इतक्या वर्षांत त्या जागेवर मी कधी बसलोच नव्हतो. गाडीनं वेग घेतला आणि पायाखालून घरघर उठली, दाढा हलतील अशी. मी म्हणालो, "येतोय."

"काय?"

"येतोय म्हटलं!"

"मोठ्यानं बोला सर, पुढं काय ऐकू येत न्हाई!"

मी दोन्ही सीटांच्या मधे वाकलो, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडलो. ती अशीच वाकायची. खर्ड्यापर्यंत.

"कसा येतोय? सनईवानी का?"

"जात्यासारखा!" मी ओरडलो. ओरडल्यावर कळलं की हा शब्द माझा नव्हे.

त्यानं गाडी डावीकडं वळवली, घरघर वाढली. उजवीकडं वळवली, कमी झाली. बाजूला घेऊन थांबवली. "क्राऊन गेला तर सनई वाजते, रेस सोडली की सूर बदलतो. हे जातं म्हंजी बेअरिंग, उजव्या चाकाचं. नगरला नंबरावर मिळतंय. सर, पैल्याच दिवशी जातं म्हणाला असता तर येवढा खटाटोप कशाला लागला असता?"

पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं होतं. पुढं ऐकू आलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

चौथ्या दिवशी बेअरिंग बसलं. मुलाला कळवलं, हॉटेलवाल्याला म्हणावं नुसत्या कुंड्याच ठेव. परत येताना मागून काही म्हणजे काही आवाज नव्हता. सुप्याच्या अलीकडं मी म्हणालो, "गेला बघ." मग काच वर केली आणि पुन्हा एकदा, मागं ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो.