उलट्या हाताचे मामा

कोणत्याही वस्तूला आधी हाताची मागची बाजू लावायची, ही आमच्या वायरमन मामांची खोड. दुकानातला फ्रिज असो, पाण्याची मोटर असो की गणपतीच्या मांडवाचा लोखंडी खांब. टेस्टर लावून झाला तरी त्यांचं समाधान म्हणून व्हायचं नाही. एकदा मला ताप आला, तर कपाळालाही उलटाच हात लावला. म्हणाले, "करंट न्हाय पोरी, नुस्ता ताप हाय!" तापातही मला हसू फुटलं.

मामा मूळचे शेलार गावचे, राहायला नारपोलीत, आमच्याच चाळीत. आता ते नाहीत. उलट्या हाताचं कारण विचारलं की सांगायचे, "तळहातानं धरलंस तर करंट मूठ आवळतो, सोडत न्हाय. उलटा लाव, हात आपसूक मागं येतो." कुणी विजेच्या वायरीवर ओले कपडे वाळत घातलेले दिसले की खालूनच ओरडायचे, "लेंगा कोणाचा हाय त्यो? नवरा जड झालाय काय गं?" चाळभर हशा. पण कपडे उतरायचे बरं का!

आमचे हे एका कापड कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचे. एके दुपारी ओल्या फरशीवर उभं राहून यांनी स्टार्टर दाबला नि हात चिकटला. सोबतचे ओढायला धावले. मामा तिथंच दुरुस्तीला आले होते, ते गरजले, "हात लावू नका रे त्याला!" नि आधी मेन स्विच पाडला. मग भाजलेल्या हातावर नळ सोडला. कळताच मी चाळीतून धावत टूथपेस्ट घेऊन पोचले, तर मामांनी ती हिसकून घेतली. "दात घासायचेत काय ह्याला? रिक्षा बोलाव. वरून येवढंसं दिसतंय, आत किती भाजलंय ते डाक्टरच बघंल."

जीव वाचला, पण उजव्या मुठीत जोर राहिला नाही. तुटलेल्या सुताला गाठ मारता येईना, म्हणजे लूम संपला. भरपाई मागायला गेलो तर शेठ म्हणतो, "कौन है ये? रजिस्टर में नाम ही नहीं है." नाव नव्हतंच. पंधरा वर्षं राबले, पण कागद मागितला नाही, ही आमची चूक. मी रडत बसले. मामा म्हणाले, "रड मागनं. आधी माझी पिशवी आण."

आता गंमत ऐका. लूमवरून कापडाचा ताका उतरला की कारागिरानं टोकाला आपलं नाव नि तारीख लिहायची, हा शेठचाच नियम. खोट निघाली तर दंड कुणाला लावायचा ते कळावं म्हणून. पुढे ती टोकं कापून निघायची नि ग्रीस पुसायला चिंध्या म्हणून वायरमनला मिळायची. मामांच्या हत्यारांच्या पिशवीत अशा अकरा चिंध्या निघाल्या, ह्यांच्या नावाच्या, वर कारखान्याचा शिक्का! मी त्या धुवायला घेणार होते, तर मामा केवढे खेकसले!

ठाण्याच्या कामगार कोर्टात शेठचा वकील म्हणाला, "साहेब, ह्या तर चिंध्या आहेत."

मामा म्हणाले, "व्हय जी, चिंध्याच. पण दंड कापताना ह्यावरचं नाव शेठला बरोबर वाचता येत व्हतं."

न्यायाधीशांनाही हसू आवरेना.

निकाल आमच्या बाजूनं लागला. बाहेर टपरीवर बसून मामा म्हणाले, "वाच गं, काय लिवलंय." मी वाचलं. ह्यांचं पूर्ण नाव, आणि पुढे, 'हा या कारखान्याचा कामगार होता.' मामांनी परत वाचायला लावलं. मग आपल्या दोन वाकड्या बोटांकडे बघत पहिल्यांदाच सांगितलं की तरुणपणी त्यांचाही हात असाच चिकटला होता, नि त्यांच्या शेठनंही ओळख दाखवली नव्हती. "आता येकदा माझं नाव घालून वाच."

इतकी वर्षं नुसतं मामा मामा केलं, पूर्ण नाव कधी विचारलंच नव्हतं. ते विचारून घेतलं, नि रिक्षावाले वळून बघतील एवढ्या मोठ्यानं वाचलं, "बाळाराम काथोड, हा या कारखान्याचा कामगार होता."

मामा शाळेत हजेरीला बसावं तसे ताठ बसले होते. हसत म्हणाले, "व्हय. व्हता."