न खोललेलं चाक

कुणाच्याही गाडीचे ब्रेक बदलले की पहिल्या उताराला कोंडिबाभाऊ स्वतः ड्रायव्हरशेजारी बसत. "ज्यानं बिरेक लावलं, त्यानं पयलं बसायचं," हा त्यांचा नियम. मळवलीत आमच्या शेजारचा बंगला ते सांभाळत. तरुणपणी गॅरेजात होते. पण बोलणं असं, की ब्रेकचा शोध यांनीच लावला असावा.

माझ्या जुन्या गाडीचे मागचे ब्रेक पार झिजले होते आणि दुसऱ्या दिवशी लेकीला आणि दीड महिन्याच्या नातीला घाट उतरून खोपोलीला पोचवायचं होतं. भाऊंनी आमच्या अंगणातच गाडी जॅकवर घेतली, पुढच्या चाकांना दगड लावले. "एका टायमाला एकच चाक खोला, दादा. इसरलं तर बगायला दुसरं ऱ्हातं." एवढं बजावून ते बंगल्यातल्या झाडांना पाणी सोडायला गेले.

मी पडलो हुशार! वेळ वाचावा म्हणून दोन्ही चाकांचे ड्रम काढले आणि सगळ्या स्प्रिंगा एकाच घमेल्यात टाकल्या. भाऊ परतले तेव्हा कुठली स्प्रिंग कुठे बसते ते न आठवून मी त्या घमेल्यापुढे तोंड पाडून बसलो होतो.

"ह्या गाडीचं मला बी पाठ न्हाई. आता कुटं बगायचं?" एवढंच ते म्हणाले. माझ्या डोळ्यांपुढे नात आणि घाट.

बंगल्याच्या मालकांची अगदी तसलीच गाडी तिथे ताडपत्रीखाली उभी होती. भाऊंनी त्यांना फोन लावला. "सायेब, तुमच्या गाडीचं एक चाक खोलू का? आत हात न्हाई लावत, फकस्त बगतो." मालक हसत हो म्हणाले. मग दुपारभर मी कुंपणापलीकडे जाऊन बघायचं, धावत येऊन सांगायचं, भाऊंनी जोडायचं.

संध्याकाळी लोहगडच्या उतारावर मी पेडल दाबलं. गाडी सरळ, गुमान थांबली. इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. भाऊंनी दाराची मूठ अजून सोडली नव्हती.

"भाऊ, भीती वाटली?"

"लय! म्हून तर बसलो."

दुसऱ्या दिवशी नात घाटभर झोपून होती.

भाऊंना जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात जावयाच्या गाडीचे ब्रेक मी बदलले, एका वेळी एकच चाक खोलून. तो किल्ली घेऊन निघाला तसा मी शेजारचं दार उघडून आत बसलो.

"बाबा, तुम्ही कुठे?"

"उतारापर्यंत," मी म्हणालो आणि पट्टा लावला.