चार गोळ्या आणि एक गोणपाट

ज्ञानोबाची तिसरी काचपट्टीही पॉझिटिव्ह निघाली. मी ती दोनदा पाहिली, मग मायक्रोस्कोप खिडकीपाशी नेऊन तिसऱ्यांदा पाहिली. तांबड्या पेशींत बारीक बारीक अंगठ्या, म्हणजे मलेरियाचे जंतू, होत्याच. भोरच्या मलेरिया लॅबमध्ये मी टेक्निशियन होतो. दिवसभर लोकांचं रक्त बघायचं, एवढंच काम. माणूस समोर कधी येत नसे, त्याचा थेंब येई.

सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध होता. गेला गेला म्हणून आम्ही हात झटकलेला मलेरिया परत डोकं वर काढत होता. आमचे सर्व्हेलन्स वर्कर पंधरा दिवसांनी घरोघर फिरत. ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचून थेंब पट्टीवर घेत, क्लोरोक्विनच्या गोळ्या देत आणि दाराशेजारी भिंतीवर तारीख टाकून सही करत. ज्ञानोबा वेल्ह्याच्या डोंगरातल्या एका वाडीचा. घाटाखाली खडी फोडायला गेला आणि हा ताप घेऊन आला. ताप फाल्सिपेरम जातीचा होता. हा मेंदूपर्यंत चढला तर माणूस हाती लागत नाही. दीड महिन्यात त्याला तीनदा गोळ्या दिलेल्या. ताप चार दिवस पळायचा आणि परत यायचा.

डॉक्टरसाहेब पुण्याहून नवीनच आले होते. त्यांच्या टेबलावर वरून आलेलं एक सर्क्युलर होतं. आसामच्या बाजूला काही रुग्णांवर क्लोरोक्विन चालेनासं झालंय, जगभर त्यावर संशोधन चाललंय, तुमच्याकडे असं काही दिसलं तर ताबडतोब कळवा, असा त्याचा मतलब. औषध चालेनासं होणं म्हणजे रेझिस्टन्स. जंतू औषधाला सरावतो, गोळी पोटात जाऊनही तो मरत नाही.

"आपल्याकडे सापडला तर मोठी गोष्ट आहे," डॉक्टरसाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजी होती आणि थोडा आनंदही होता, उगाच खोटं कशाला बोलू?

"नाहीतर गोळ्या दिल्याच नसतील," मी म्हणालो.

हे वाक्य मी फार सहज बोललो. त्या वाडीचा वर्कर कांबळे होता. भोरचाच, टेंपररी, दर सहा महिन्यांनी ऑर्डर निघायची. खोटी नोंद केली असं ठरलं, तर पुढची ऑर्डर निघणार नव्हती. घरी म्हातारे आईवडील आणि दोन मुली, कमावणारा हा एकटा.

साहेबांनी त्याला बोलावलं.

"गोळ्या दिल्या?"

"दिल्या साहेब. माज्या डोळ्यांसमोर गिळल्या त्यानं. तिन्ही येळंला."

"मग जंतू कसा राहिला?"

"ते मला कसं कळंल साहेब? म्या गोळी देनार, मरायचं काम त्येचं."

मला हसू आलं, साहेबांना आलं नाही. त्यांनी कांबळेच्या नावे ठपक्याचा मेमो टाइप करायला सांगितला आणि मला म्हणाले, "उद्या तुम्ही जा. समक्ष डोस द्या. सात दिवस पट्ट्या घ्या. एकदा काय ते ठरू दे."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही निघालो. शेवटचे दोन तास चालत. कांबळे पुढं, त्याच्या खांद्याला पिशवी. मी चार पावलं मागं राहिलो, कारण मेमो माझ्यामुळे निघाला होता हे त्याला ठाऊक होतं.

घराच्या भिंतीवर पाहिलं. त्याच्या तारखा ओळीनं होत्या, एकही खाडा नाही. माणूस इथवर येत होता, हे तर खरं निघालं.

ज्ञानोबाची आई पडवीत आली. "तुमी कुठलं म्हनायचं?"

"सारोळ्याचा."

"कुनाचं?"

मी आडनाव सांगितलं. म्हातारीनं लगेच घोंगडी अंथरली. "बसा बसा. च्या टाकते." मी ऐसपैस बसलो. ज्ञानोबा भिंतीला टेकून बसला होता, डोळे पिवळट, ओठ सुकलेले. मी त्याची पट्टी घेतली, चार गोळ्या हातावर ठेवल्या. त्यानं पाण्याबरोबर एक एक करून गिळल्या. तोंड उघडायला लावून मी जिभेखाली पाहिलं. काही नव्हतं.

कांबळे अंगणात उभा होता. त्यानं भिंतीवर तारीख टाकली आणि पिशवी खांद्याला लावली. "मी फुडली घरं करून येतो," म्हणाला. मीही उठलो असतो, पण गुळाचा चहा चुलीवर होता.

चहा यायच्या आधी ज्ञानोबा घाईनं परसात गेला. उलटीचा आवाज आला. मी धावलो. जमिनीवर पिवळं पाणी आणि त्यात अर्धवट विरघळलेल्या पांढऱ्या गोळ्या.

म्हातारीचा चेहरा मात्र उजळला. "पडलं पित्त! आता उतरंल ताप."

"दर खेपेला असंच होतं?"

"व्हय की. लई गुनाच्या गोळ्या हायती. ताप चढला की म्या त्येला जेवू देत न्हाई. अनशापोटी घेतल्या की सगळं बुडापास्नं निघतं."

मी परत येऊन घोंगडीवर बसलो. जंतू सरावलेला नव्हता आणि कांबळेही खोटं बोलला नव्हता. रिकाम्या पोटी कडू गोळी टिकत नाही, आणि इथं ती उलटून पडणं हाच गुण समजला जात होता. थोडंसं औषध अंगात राही, तेवढ्यावर ताप चार दिवस दबे. गोळी दिल्यावर तासभर थांबून बघा, उलटी झाली तर परत द्या, असं सर्क्युलरच्या शेवटी बारीक अक्षरात होतं.

कांबळे परत आला. मी जरा चिडूनच विचारलं, "गोळी दिल्यावर थांबत का नाहीस?"

त्यानं अंगणाकडे पाहिलं. मग मी बसलो होतो त्या घोंगडीकडे.

"थांबायचं कुठं, भाऊसाहेब? बसा असं हितं कुनी म्हनलं न्हाई. पावसात उभा राहून बगितलं एकदा. म्हातारी म्हनली, झालं न्हवं काम?"

लॅबमध्ये यायच्या आधी दोन वर्षं मीही वाड्यांवर फिरलो होतो आणि प्रत्येक ठिकाणी चहा पिऊन आलो होतो. त्याला कधी विचारलं नव्हतं की तू कुठं पितोस. लाज वाटली मला, अगदी स्पष्ट वाटली.

मी म्हातारीला म्हणालो, "आधी भाकरी द्या, मग मी परत गोळ्या देतो. उद्या-परवा कांबळे देतील आणि तासभर इथंच बसतील. नाही बसले तर तुमचा पोरगा हाती लागायचा नाही."

म्हातारीनं पदर सावरला. "बसू द्या की. आमी कुठं नगं म्हनलं?"

"मग त्यांना म्हणा."

ती आत गेली. एक गोणपाट आणलं आणि पडवीच्या अगदी कडेला टाकलं. घोंगडी नव्हे, गोणपाट. "बसा," ती म्हणाली, कुणाकडेही न बघता. कांबळे बसला.

भाकरीनंतर दिलेल्या गोळ्या टिकल्या. पुढचे दोन डोसही टिकले. कांबळे रोज जाऊन पट्टी आणत होता. सातव्या दिवशीची पट्टी मी तासभर पाहिली. एकही अंगठी नव्हती. महिन्यानंतरचीही कोरी निघाली. ज्ञानोबा नांगराला लागला.

डॉक्टरसाहेब थोडे हिरमुसले, पण माणूस सरळ होता. मेमो फाडला आणि नवी ऑर्डर काढली: गोळी दिल्यावर वर्करनं रुग्णाच्या घरी एक तास बसावं. कांबळेनं ती वाचली, सही केली आणि म्हणाला, "कुठं, ते लिवलं न्हाई साहेब."

साहेबांना कळलं नाही. मी समजावून सांगितलं. त्यांनी बराच विचार केला आणि ऑर्डर तशीच ठेवली.

पुढे क्लोरोक्विन कित्येक ठिकाणी खरोखरच चालेनासं झालं. माझ्याही हातून तशा पट्ट्या गेल्या. पण "औषध चालत नाही" असा कागद आला की मी तो बाजूला ठेवत असे आणि वर्करला बोलावून आधी एकच विचारत असे, "तुला बसायला काय दिलं होतं?"